चिलखत घातलेला प्रवासी

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या अंगावर घरच्यांनी घातलेले एक न दिसणारे कवच असते, असे मला नेहमी वाटत आले आहे. आई हातावर दही घालते, आजी देवापुढचा अंगारा कपाळाला लावते, बाहेर पडल्यावर मागून हाक मारायची नाही असा दंडक असतो, आणि ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. या साऱ्या रीतींच्या मुळाशी भीती एकच : वाट परकी असते, आणि परक्या वाटेवर गेलेला आपला माणूस धड परत यावा. काशीयात्रेला निघालेला म्हातारा गावाचा अखेरचा निरोप घेऊनच निघत असे, त्या काळात ही भीती खरी होती. आता सकाळी मुंबईत न्याहारी करून दुपारी दिल्लीत जेवता येते. तरी दही काही चुकलेले नाही, आणि ते चुकू नये असे माझेही मत आहे.

या दिवाळीला मला अशा एका प्रवाशाची हकीकत सांगायची आहे, की ज्याला हातावरच्या दह्याने भागण्यासारखे नव्हते. तो साध्या उतारूंच्या विमानाने आपल्या घरी निघाला होता. बरोबर लष्कर नव्हते, स्वतःचे विमान नव्हते. विमान उतरायला थोडा अवकाश राहिला तेव्हा तो जागेवरून उठला, विमानातल्या स्वच्छतागृहात गेला, कपड्यांच्या आत बुलेटप्रूफ जाकीट चढवले आणि मुकाट्याने परत येऊन बसला. तो दिवस होता रविवार, २१ ऑगस्ट १९८३. विमान तैपेहून मनिलाला चालले होते. प्रवाशाचे नाव बेनिग्नो अक्विनो. त्याच्या देशातले, म्हणजे फिलिपिन्समधले लोक त्याला जिव्हाळ्याने निनॉय म्हणत.

सणासुदीला ही असली गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाखाली कारीट फोडतो ते तरी कशासाठी? एका जुलमी राजाच्या अंताची आठवण म्हणूनच ना? ही गोष्टही शेवटी एका जुलमी राजवटीच्या अंताची आहे; तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी ती अगदीच विजोड दिसणार नाही.

कपड्यांच्या आत चिलखत म्हटले की मराठी माणसाचे मन आधी प्रतापगडाच्या पायथ्याशी जाते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज अफजलखानाच्या भेटीस गेले तेव्हा त्यांच्या अंगरख्याआड चिलखत होते आणि मंदिलाखाली लोखंडी टोप होता, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहो. खानाने मिठीत घेऊन शस्त्र चालवले, ते चिलखतावरून खरखरत गेले आणि महाराज वाचले. वाघनखे आणि बिचवा यांच्या कथेत आपण लहानपणी इतके रंगून जातो, की त्या चिलखतामागची तयारी नजरेआड होते. महाराजांनी खानाला वाईच्या मोकळ्या मुलखातून जावळीच्या रानात आणला. भेटीची जागा आपल्या गडाखाली ठरवली. बरोबर माणसे किती असावीत, शामियान्यात कोणी थांबावे, याची बोलणी आधीच करून घेतली. रानात आपली पथके दडवून ठेवली. चिलखत हे त्या सगळ्या तयारीचे शेवटचे कलम होते. ते उपयोगी पडले, कारण ज्या ठिकाणी वार व्हायचा ते ठिकाण महाराजांनीच निवडले होते.

हे एवढे ध्यानात ठेवून आपण पुन्हा विमानाकडे वळू. चिलखताचा आणि विमानाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

बंदुकीची गोळी जसजशी जोरकस होत गेली तसतसे चिलखत मागे पडले. गोळी अडवायची तर लोखंड इतके जाड हवे, की घालणाऱ्याला दोन पावले चालणे मुश्कील व्हावे. हळूहळू सैनिकांनी ते उतरवले आणि ते वाड्यांच्या भिंतींवर, पुढे वस्तुसंग्रहालयांच्या काचेच्या कपाटांत जाऊन बसले. पहिल्या महायुद्धात पोलादी शिरस्त्राणे पुन्हा आली खरी, पण धड बहुतेक उघडेच राहिले. त्या धडासाठी चिलखत मोठ्या प्रमाणावर परत आले ते दुसऱ्या महायुद्धात, आणि तेही जमिनीवर नव्हे तर आकाशात.

इंग्लंडमधल्या तळांवरून अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने जर्मनीवर जात. खालून तोफा डागल्या जात, त्यांचे गोळे विमानाच्या आसपास फुटत आणि त्यांच्या ठिकऱ्या पत्रा फोडून आत शिरत. अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे मुख्य शल्यवैद्य माल्कम ग्रो यांनी १९४२ साली जखमी वैमानिकांच्या जखमा तपासल्या, तेव्हा दहांपैकी सात जखमा अशा कमी वेगाच्या ठिकऱ्यांनी झाल्या आहेत असे त्यांना आढळले. कमी वेगाची ठिकरी म्हणजे अडवता येण्यासारखी वस्तू. ग्रोसाहेब लंडनच्या विल्किन्सन सोर्ड कंपनीकडे गेले. ही कंपनी तलवारी करणारी. दाढीच्या पात्यांमुळे आपल्याकडेही तिचे नाव परिचयाचे आहे. तलवारी घडवणाऱ्या त्या कारागिरांनी मँगनीजयुक्त पोलादाच्या पट्ट्या किंतानासारख्या जाड कापडात शिवून एक जाकीट तयार केले. त्याचे वजन नऊ-दहा किलो भरे. पायदळातला माणूस ते घालून धावू शकला नसता. पण विमानात धावायचे नसते, बसायचे असते, म्हणून ते तिथे चालले. गंमत अशी की मारा खालून येतो हे ओळखून पुष्कळ वैमानिक ते जाकीट अंगात घालण्याऐवजी आसनावर पसरून त्यावर बसत. चिलखताचा सगळा व्यवहार त्यांनी एका कृतीत सांगून टाकला, असे मला वाटते. मार कोठून येणार हे ज्याला ठाऊक, त्यालाच चिलखत कोठे घालावे ते कळते.

पुढे कोरियाच्या युद्धात, १९५१-५२च्या सुमारास, नायलॉनची आणि काचतंतूंच्या पट्ट्यांची जाकिटे पायदळापर्यंत पोचली. मग १९६५ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या हाती एक पातळ, गढूळ द्रावण आले. असले द्रावण एरवी मोरीत ओतून द्यायचे. सूत काढण्याच्या यंत्राची बारीक छिद्रे त्याने बुजतील या भीतीने यंत्रावरचा माणूस ते घेईना. बाईंनी हट्ट धरला. सूत निघाले ते असे, की वजनास वजन धरले तर पोलादाहून पाचपट बळकट. त्याचे पुढे केव्हलर असे नाव पडले. या धाग्याचे वीस-पंचवीस पदर एकावर एक शिवले, की पिस्तुलाची गोळी त्यात एखाद्या जाळ्यात चेंडू अडकावा तशी अडकते, तिचा जोर आजूबाजूच्या धाग्यांवर पसरतो आणि आतल्या माणसाला जबर मुका मार बसला तरी भोक पडत नाही. १९७५च्या सुमारास अमेरिकेतल्या पोलिसांना ही जाकिटे वापरून पाहण्यासाठी देण्यात आली, आणि थोड्याच वर्षांत जिवाची भीती असलेल्या कोणाही माणसाला कपड्यांआड घालता येण्याइतकी ती सुटसुटीत झाली.

पण या जाकिटालाही मर्यादा आहेत. रायफलची गोळी नुसत्या कापडाने थांबत नाही, त्यासाठी आत वेगळी कठीण पाटी घालावी लागते. आणि जाकीट कितीही उत्तम असले तरी ते गळ्याशी संपते. महाराजांनी मंदिलाखाली टोप घातला होता. साध्या प्रवाशाच्या वेशात निघालेल्या माणसाला तेवढीही सोय नसते.

आता त्या प्रवाशाविषयी. निनॉय अक्विनो यांचा जन्म १९३२ सालचा, मनिलाच्या उत्तरेस तार्लाक प्रांतातल्या एका बड्या जमीनदार घराण्यातला. वयाच्या सतराव्या वर्षी हा मुलगा एका मनिलाच्या वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून कोरियाच्या युद्धावर गेला. बाविसाव्या वर्षी गावचा नगराध्यक्ष झाला, पुढे प्रांताचा गव्हर्नर झाला आणि १९६७ साली देशाच्या सिनेटवर निवडून आला. बोलण्यात चलाख, वागण्यात थोडा दिमाख, महत्त्वाकांक्षा उघडउघड. पुढचा अध्यक्ष हाच, असे लोक म्हणू लागले होते. तेव्हाचे अध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनाही तसेच वाटत असावे. सप्टेंबर १९७२मध्ये मार्कोस यांनी देशात लष्करी कायदा पुकारला आणि पहिल्याच फेरीत ज्यांना उचलले त्यांत अक्विनो होते.

पुढची साडेसात वर्षे तुरुंगात गेली. त्यातला बराच काळ एकांतवासाचा. १९७५ साली आपल्यावरच्या लष्करी खटल्याच्या निषेधार्थ त्यांनी चाळीस दिवस उपोषण केले. १९७७च्या नोव्हेंबरात लष्करी न्यायासनाने त्यांना गोळ्या घालून मारण्याची शिक्षा फर्मावली. जगभरच्या बोभाट्यामुळे ती अमलात आली नाही. १९८० साली तुरुंगातच हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा मार्कोस यांनी त्यांना शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला जाऊ दिले. टेक्सासमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि मग पत्नी कोराझोन आणि पाच मुले यांच्यासह ते बोस्टनजवळ न्यूटन या गावी राहू लागले. हार्वर्डसारख्या विद्यापीठांत अभ्यासवृत्ती होत्या, घर होते, मुलांच्या शाळा होत्या. कोराझोनबाई पुढे म्हणत, की आमच्या संसारातली ती सर्वांत सुखाची तीन वर्षे.

ते सुख सोडून हा माणूस परत का निघाला, हा खरा प्रश्न आहे. मार्कोस यांची प्रकृती ढासळत चालल्याच्या वार्ता येत होत्या. ते गेले तर देश लष्कराच्या हाती तरी जाईल किंवा यादवीत तरी सापडेल, अशी भीती होती. त्याआधी जाऊन मार्कोस यांना प्रत्यक्ष भेटावे आणि निवडणुकांच्या वाटेने देश परत लोकशाहीकडे न्यावा म्हणून सांगावे, असे अक्विनो यांच्या मनात होते. विरोधकांचा पुढारी परदेशात सुखाने बसून राहिला तर तो हळूहळू विसरला जातो, हाही हिशेब असणार. राजकारणी माणसाच्या त्यागात हिशेब नसतोच असे मानण्याइतके आपण भोळे असू नये. पण या हिशेबात स्वतःचा जीव त्यांनी खर्चाच्या बाजूला मांडला होता, हेही विसरू नये.

धोक्याच्या सूचना भरपूर आल्या. मे महिन्यात न्यूयॉर्कला अध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांनीच त्यांची भेट घेऊन, परत येऊ नका, तुमच्या जिवावर उठलेले लोक आहेत, असे सांगितले. संरक्षणमंत्र्यांनी तार करून तोच इशारा दिला आणि येणे लांबणीवर टाका म्हटले. सरकारने पासपोर्ट नाकारला. त्यांना आणणाऱ्या विमान कंपनीला उतरू देणार नाही असेही बजावण्यात आले. तेव्हा अक्विनो यांनी दुसऱ्या नावाचा पासपोर्ट मिळवला. नाव होते मार्शल बोनिफासिओ. मार्शल म्हणजे लष्करी कायद्यातला ‘मार्शल’, आणि बोनिफासिओ म्हणजे ज्या किल्ल्यात त्यांनी तुरुंगवास काढला त्या किल्ल्याचे नाव. अशा वेळीही ज्याला थट्टा सुचते त्या माणसाविषयी मला आदर वाटतो.

१३ ऑगस्टला त्यांनी बोस्टन सोडले. सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग अशी वळणे घेत ते तैपेला पोचले. वाटेत कोणत्या गावाहून कोणते विमान धरणार हे गुप्त होते. परंतु शेवटचा टप्पा त्यांनी मुद्दाम उघड केला. तैपेहून मनिलाला जाणाऱ्या चायना एअरलाइन्सच्या नेहमीच्या विमानात त्यांच्याबरोबर परदेशी बातमीदारांचा एक तांडा चढला. त्यांत अमेरिकन नियतकालिकांचे आणि दूरचित्रवाणीचे लोक होते, जपानी छायाचित्रकार होते, आणि त्यांचे मेहुणे केन काशिवाहारा हेही होते, तेही बातमीदारच.

इथे त्यांच्या शहाणपणाची ओळख पटते. अंगातले जाकीट हे त्यांचे एक चिलखत. साक्षीदार हे दुसरे. रोजच्या उतारूंनी भरलेले विमान, भर दुपारची वेळ, चालू असलेले कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक, बाहेर पिवळ्या फिती लावून स्वागताला जमलेले हजारो लोक, त्यांत खुद्द म्हातारी आई. एवढ्या डोळ्यांसमोर कोण हात उचलील? तैपेच्या हॉटेलात बातमीदारांशी बोलताना मात्र त्यांनी दोन्ही चिलखतांच्या मर्यादा स्पष्ट सांगून ठेवल्या होत्या. बुलेटप्रूफ जाकीट मी घालणार आहे, पण डोक्यात गोळी घातली तर मग इलाज नाही, असे ते म्हणाले. आणि कॅमेरा अगदी तयार ठेवा, कारण जे घडायचे ते तीन-चार मिनिटांत घडून जाईल, असेही त्यांनी बजावले.

विमानात ते हसतखेळत होते. उतारू हस्तांदोलनाला येत होते. मधेच हातात जपमाळ घेऊन ते डोळे मिटून प्रार्थना करीत. आपले घड्याळ काढून त्यांनी मेहुण्याला दिले. मग ते जाकीट घालून आले.

एकच्या सुमारास विमान मनिलाला टेकले आणि आठव्या दारापाशी लागले. विमानतळावर आणि भोवती हजाराहून अधिक शिपाई होते. सरकारी म्हणण्याप्रमाणे अक्विनो यांच्याच रक्षणासाठी. तीन गणवेशधारी शिपाई विमानात चढले. त्यांनी अक्विनो यांना नाव घेऊन ओळखले, हात मिळवला आणि बरोबर चला म्हटले. काशिवाहारा यांनी मीही येऊ का विचारले, तेव्हा तुम्ही बसा असे उत्तर मिळाले. विमानाच्या दारातून इमारतीकडे जाणारा बंद पूल असतो. सगळे उतारू त्यातून जातात. त्या पुलाला बाजूने एक लहान दार आणि खाली धावपट्टीच्या अंगणात उतरणारा कामगारांचा लोखंडी जिना असतो. शिपायांनी अक्विनो यांना इमारतीकडे नेले नाही. त्या बाजूच्या दारातून जिन्याकडे वळवले. मागोमाग धावलेल्या बातमीदारांना इतर शिपायांनी दारातच रेटून धरले. कॅमेऱ्यांपुढे पाठी आणि खांदे आले.

अर्धे मिनिटही गेले नसेल, गोळीचा आवाज झाला. मग आणखी काही गोळ्या. खिडक्यांतून पाहणाऱ्यांना अंगणात पांढऱ्या कपड्यांतला एक देह पालथा पडलेला दिसला, आणि शेजारी निळ्या कपड्यांतला दुसरा. गोळी डाव्या कानामागून शिरून हनुवटीतून बाहेर पडली होती. जाकिटाला तिने स्पर्शही केला नव्हता.

दुसरा मृत माणूस रोलांडो गालमान. सरकारने जाहीर केले की हा कम्युनिस्टांचा भाडोत्री मारेकरी होता, त्याने पहारा चुकवून पाठीमागून गोळी झाडली आणि शिपायांनी त्याला तिथल्या तिथे ठार केले. हजारावर शिपायांच्या कड्यातून एक सशस्त्र माणूस विमानाच्या जिन्यापर्यंत पोचतो कसा, याचे उत्तर कोणाला देता येईना.

इथून दुसऱ्या चिलखताचे काम सुरू होते. साक्षीदारांना माणूस वाचवता आला नाही, पण बातमी त्यांनी मरू दिली नाही. कॅमेऱ्यांना जिना दिसला नव्हता, तरी ध्वनिफिती चालू होत्या. दारातून बाहेर पडणे, जिन्यावरचा गलका आणि पहिली गोळी यांमध्ये किती सेकंद गेले, हे मोजता येऊ लागले. तेवढ्या सेकंदांत अक्विनो जिन्याच्या किती पायऱ्या उतरले असतील हेही मोजता येऊ लागले. लोकांच्या दडपणामुळे मार्कोस यांना चौकशी मंडळ नेमावे लागले. निवृत्त न्यायाधीश कोराझोन आग्रावा या बाई त्याच्या अध्यक्ष. हुकूमशहाने नेमलेल्या मंडळाकडून कोणी फारशी आशा धरली नव्हती. परंतु जवळजवळ वर्षभर साक्षीपुरावे ऐकून ऑक्टोबर १९८४मध्ये मंडळाने जो निष्कर्ष काढला त्याने सगळ्यांना थक्क केले. सदस्यांत मतभेद झाले आणि अहवाल दोन निघाले. तरी खून गालमानने केलेला नाही, तो बरोबरच्या शिपायांनी केला आणि हा लष्करातल्या लोकांचा कट होता, यावर दोन्ही अहवाल एकमताचे होते. अध्यक्षबाईंनी ठपका विमानतळाच्या रक्षक दलाच्या सेनापतीपर्यंत नेला. इतर चौघांनी थेट सरसेनापती फाबियान व्हेर यांचे नाव घेतले.

त्या रक्षक दलाचे नाव होते हवाई सुरक्षा दल. हे नाव वाचताना मी दरवेळी थबकतो. विमानप्रवासातली सुरक्षा ही आपल्याला गेल्या शतकाच्या उत्तरार्धात झालेली सवय आहे. विमाने पळवून नेण्याचे प्रकार वाढले, म्हणून जानेवारी १९७३पासून अमेरिकेत प्रत्येक उतारूची झडती सुरू झाली आणि पाहता पाहता ती रीत जगभर गेली. धोका उताऱूच्या पिशवीतून विमानात शिरतो, या समजुतीवर ती उभी आहे. ती समजूत चूक नाही, आणि झडती देताना मी कधी कुरकुर करीत नाही. पण मनिलाच्या त्या विमानात कोणाही उतारूपाशी शस्त्र नव्हते. शस्त्र घेऊन जे आत आले त्यांना कोणी झडती मागू शकत नव्हते, कारण झडती घेण्याचा अधिकार त्यांचाच होता. अशा राखणदारापासून वाचवणारे कापड क्वोलेकबाईंच्या प्रयोगशाळेत विणले जाणे शक्य नव्हते.

खुनानंतर अक्विनो यांच्या आईने, दोन्या अरोरा यांनी, एक निर्णय घेतला. मुलाचे प्रेत धुऊन-सजवून नवे कपडे घालायचे नाहीत. ज्या रक्ताळलेल्या कपड्यांत तो पडला त्याच कपड्यांत, जखमेसह, लोकांना दाखवायचे. उघड्या शवपेटीपुढून लोकांच्या रांगा दिवसचे दिवस चालल्या. ३१ ऑगस्टला अंत्ययात्रा निघाली तेव्हा सुमारे वीस लाख माणसे रस्त्यावर होती, आणि दफनभूमीपर्यंतच्या वाटेला दहा तासांहून अधिक लागले. अकरा वर्षे घरात दबकून बसलेले शहर त्या दिवशी बाहेर पडले. प्रत्येकाने प्रत्येकाला पाहिले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. खटला चालला, आणि २ डिसेंबर १९८५ रोजी न्यायालयाने व्हेर यांच्यासह सर्व आरोपींना निर्दोष सोडले. त्याच आठवड्यात कोराझोन अक्विनो यांनी मार्कोस यांच्याविरुद्ध अध्यक्षपदासाठी उभे राहत असल्याचे जाहीर केले. मला राजकारण कळत नाही, मी घर सांभाळणारी बाई, असे त्या म्हणत. फेब्रुवारी १९८६मध्ये निवडणूक झाली, मतमोजणीत उघड लबाडी झाली, लष्कराचा एक भाग उलटला आणि मनिलाच्या हमरस्त्यावर लक्षावधी लोक रणगाड्यांच्या आडवे उभे राहिले. त्यांच्यात जपमाळा घेतलेल्या जोगिणी होत्या, डबे घेऊन आलेल्या गृहिणी होत्या. चौथ्या दिवशी, २५ फेब्रुवारीला, मार्कोस देश सोडून पळाले आणि कोराझोनबाई अध्यक्ष झाल्या. खुनाचा खटला नव्याने चालला आणि १९९० साली सोळा लष्करी माणसांना जन्मठेप झाली. हुकूम कोणी दिला, ते मात्र न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही. शिक्षा झालेल्यांपैकी अखेरचे कैदी २००९ साली सुटले.

अक्विनो विमानातून उतरल्यावर वाचून दाखवण्यासाठी एक निवेदन बरोबर आणत होते. ते वाचायची वेळ आली नाही. पुढे ते छापले गेले. त्यात गांधीजींचा उल्लेख आहे. निरपराध माणसाने आपखुशीने केलेला त्याग हे जुलमाला सर्वांत प्रभावी उत्तर, हा गांधीजींचा विचार त्यांनी त्यात पुढे केला होता. हे वाचल्यावर दिल्लीची आठवण होणे अपरिहार्य आहे. २० जानेवारी १९४८ रोजी प्रार्थनासभेजवळ स्फोट झाल्यावर सभेला येणाऱ्यांची झडती घ्यावी असे सरकारचे म्हणणे होते. गांधीजींनी ते मान्य केले नाही, आणि दहा दिवसांनी ते गेले. गांधीजींनी कसलेही चिलखत नाकारले. त्यांना मानणाऱ्या अक्विनो यांनी ते घातले. म्हणून अक्विनो कमी धैर्याचे ठरतात का? मला तसे वाटत नाही. त्यांना मरायचे नव्हते. बायकोमुलांत परत जायचे होते, तुरुंगात टाकले तर तुरुंगात राहायचे होते, जमले तर अध्यक्ष व्हायचे होते. जगण्याची एवढी इच्छा असलेल्या माणसाने जाकीट घालावे हे स्वाभाविकच आहे. जाकिटाला डोके झाकता येत नाही हे तोंडाने बोलून दाखवून, त्यानंतर तो विमानात चढला, यात त्याचे धैर्य आहे.

प्रतापगडच्या भेटीशी ताडून पाहिले म्हणजे दोन्ही प्रसंगांतला फरक मनात ठसतो. महाराजांनी जागा निवडली आणि चिलखताने आपले काम केले. अक्विनो यांना जागा निवडता येण्यासारखी नव्हती. मायदेश जिथे असेल तिथेच उतरावे लागते, आणि तिथला प्रत्येक जिना दुसऱ्याच्या ताब्यात होता. निवडता येण्यासारखी एकच गोष्ट त्यांच्या हाती उरली होती, ती म्हणजे सोबत. ती त्यांनी नीट पारखून निवडली. त्या सोबतीने त्यांचे प्राण राहिले नाहीत, पण जिन्यावरचे ते थोडे सेकंद कोणालाही पुसून टाकता आले नाहीत; आणि अडीच वर्षांनी त्याच सेकंदांनी मार्कोस यांच्या सिंहासनाचा पाय मोडला.

मनिलाच्या त्या विमानतळाला १९८७ साली निनॉय अक्विनो यांचे नाव देण्यात आले. पाचशे पेसोंच्या नोटेवर त्यांचा चेहरा आला, आणि २१ ऑगस्ट हा तिथे सुटीचा दिवस झाला. २०१० साली त्यांचा मुलगा देशाचा अध्यक्ष झाला. पोटासाठी आखाती देशांत, हाँगकाँगात, जहाजांवर कामाला गेलेली लाखो फिलिपिनो माणसे वर्षा-दोन वर्षांनी त्याच विमानतळावर उतरतात. खोकी दोरीने बांधलेली, आत मुलांसाठी खाऊ आणि खेळणी. बाहेर त्यांची माणसे गर्दी करून उभी असतात. ही माणसे सगळ्यांबरोबर पुढच्या वाटेने चालत जातात आणि दारातून बाहेर, आपल्या माणसांत पोचतात. अक्विनो यांना त्या दुपारी एवढेच करायचे होते.